कशावरून? इतिहासाच्या नव्या बाईंना कानमंत्र

बाय, जूनमध्ये शाळा उघडेल आणि नववी-दहावीचा इतिहास तुझ्या हाती येईल. मी सावंतवाडीत आयुष्यभर हाच विषय शिकवला, म्हणून मावशीच्या हक्काने चार गोष्टी सांगते. काय शिकवायचं ते पुस्तकात दिलेलं आहे. वर्ग कसा चालवायचा, मुलांकडून काय मागायचं आणि कुठे ठाम राहायचं, ते एकीने दुसरीला सांगावं लागतं.

पहिल्या दिवशी एक पान दे

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांच्या मुलांना हायस्कुलात इतिहासाच्या पहिल्याच तासाला एक कागद मिळतो. वर्षभरात काय शिकायचं, गुण कशाला किती, गृहपाठ उशिरा दिला तर काय, नक्कल केली तर काय, सगळं त्यावर छापलेलं असतं. पालकांनी तो वाचून सही करून परत पाठवायचा. ही पद्धत तू बिनदिक्कत उचल. तुझा कागद एकाच पानाचा आणि सोप्या मराठीत असू दे. नियम पाच-सहाच ठेव आणि प्रत्येकापुढे त्याचं कारण लिही. कारण कळलेला नियम मुलं स्वतःच एकमेकांना सांगतात.

त्याच पानावर खाली तुझेही नियम लिही. वह्या आठ दिवसांत तपासून परत देईन. गुण का कापले ते लिहीन. प्रश्न विचारणाऱ्याला हसणार नाही आणि कुणाला हसू देणार नाही. बाईसुद्धा नियमाला बांधलेल्या आहेत हे दिसलं की वर्ग निम्मा तिथेच सरळ होतो.

सगळ्या नियमांच्या वर एक प्रश्न

तो प्रश्न ‘कशावरून?’ मुलाने काहीही विधान केलं की शांतपणे हे विचारायचं. दहावीच्या पुस्तकाचे पहिले दोन धडे इतिहासलेखनाचे आहेत, एक पाश्चात्त्य परंपरेचा आणि एक भारतीय. पुष्कळ ठिकाणी ते घाईघाईत उरकतात. तू मात्र तिथे रेंगाळ. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून कागद का गोळा करत होते, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड कशासाठी काढले, हे मुलांना उमगलं तर पुढचे सगळे धडे हलके होतात.

पुराव्याची सवय लावायला आपल्या गावासारखं गाव नाही. इथल्या गंजिफाचा, म्हणजे जुन्या खेळाच्या पत्त्यांतला, एक पत्ता वर्गात आण. पत्ता गोल, हाताने रंगवलेला. दशावतारी गंजिफात अवतार दहा. प्रत्येकाचे पत्ते बारा, म्हणजे राजा, त्याचा मंत्री आणि एक ते दहा. मिळून १२०. पत्ता मुलांच्या हातात फिरू दे आणि सांगण्याआधी विचार: यावर कोणता अवतार आहे, कशावरून? हा छापलेला नाही, कशावरून? मुलं तो उजेडाकडे धरतात, दोन पत्ते शेजारी ठेवून रेषेची जाडी बघतात. एकसारखी वाटणारी दोन फुलं तंतोतंत एकसारखी नाहीत, हे त्यांनाच सापडतं. साधनाची पारख याहून वेगळी काय असते? ‘खेळ आणि इतिहास’ हा धडा मग वेगळा शिकवावा लागत नाही.

सनावळी पाठ करून घेऊ नकोस, शेजारी मांडायला लाव

वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाने दोन रकाने आखायचे: आपल्याकडे आणि इतरत्र. ‘आपल्याकडे’त १७६५ लिही, इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं. ‘इतरत्र’मध्ये १७७३ लिही, अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरात लोकांनी जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला. तो चहा कुणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. आपल्या किनाऱ्यावर तोफा घेऊन आलेली तीच कंपनी. पुढे १७७५ साली अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं आणि त्याच साली इकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. आपलं १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपलं, तिकडचं १७८३ च्या पॅरिसच्या तहाने. हे दोन रकाने समोरासमोर आले की मुलं आपणहून विचारतात, तिकडे इंग्रज हरले मग इकडे कसे टिकले? असा प्रश्न आला तर त्या दिवशीचा धडा बाजूला ठेव. त्या प्रश्नावर तास खर्ची पडला तरी तो वाया जात नाही.

गाइड, मोबाइल आणि नक्कल

गाइड घरात असणारच आणि मोबाइलही. त्यांवर बंदी घालून काही होत नाही. नियम एवढाच कर: वाचा कुठूनही, लिहिताना पुस्तक मिटून लिहा, आणि कुठून वाचलं ते शेवटी एका ओळीत नोंदवा. दोन वह्यांत एकच उत्तर शब्दशः आलं तर भर वर्गात ओरडू नकोस. दोघांना मधल्या सुट्टीत बोलाव आणि उत्तर तोंडी सांगायला लाव. सांगता आलं तर गुण दे. नाही आलं तर पुन्हा लिहून आणायला सांग. पहिल्या खेपेला एवढं पुरतं. दुसऱ्या खेपेला पालकांना निरोप जाईल, हे कागदावर आधीच लिहिलेलं असावं.

उशीर वेगळा, आळस वेगळा

आंबोलीकडून किंवा दाणोलीकडून येणारं पोर पावसात भिजून एस.टी.ने पोचतं. तेरेखोलला पूर आला की बांद्यात पाणी शिरतं. अशा दिवशी गृहपाठाची तारीख पुढे ढकलायची, आणि ती सगळ्यांसाठी. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात तर प्रकल्प मागूच नकोस. घरोघरी गणपतीवरच्या माटवीची तयारी, मुंबईची माणसं आलेली, मुलं कामात असतात. त्यांनी तिथे केलेलं कामही शिकणंच आहे. पण मोकळ्या आठवड्यात दिलेली तारीख पाळलीच पाहिजे. एक दिवस उशिराला एकदाच सवलत, तीही आदल्या दिवशी येऊन सांगितलं तर. आणि बाय, शाळेतल्या कुणा सहकाऱ्याचं मूल वर्गात असेल तर त्यालाही हाच नियम. त्यात कसर राहिली तर बाकीचे पाचही नियम कागदावरच राहतात.

घरचा कागद घरीच राहू दे

आपल्याकडे जुन्या घरांत पेटाऱ्यात मोडीतले कागद असतात. प्रकल्पासाठी मूळ कागद कुणीही शाळेत आणायचा नाही, हा नियम कडक ठेव. पावसाळी हवेत नि पोरांच्या दप्तरात तो टिकायचा नाही. घरातल्या मोठ्यांना विचारून फोटो काढायचा, कागद कुणाकडे आहे ते लिहायचं आणि परत जागच्या जागी ठेवायचा. ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ या धड्याचा प्रात्यक्षिक भाग हाच.

आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला जरूर लाव. बांद्याजवळच्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात कर्नेलसिंग बेनीपाल हुतात्मा झाले. तो काळ पाहिलेली माणसं अजून आपल्या पंचक्रोशीत आहेत, पण फार दिवस नसतील. मुलाखतीआधी परवानगी घ्यायची, तारीख लिहायची, आणि माणूस मालवणीत बोलला तर मालवणीतच उतरवायचं. बोलणं सजवायचं नाही. मग तेच वर्ष पुस्तकात किंवा जुन्या वर्तमानपत्रात शोधायचं. आठवण आणि छापील मजकूर जुळला नाही तर खोडायचं काहीच नाही, दोन्ही लिहायचं.

आडनावाला हात लावू द्यायचा नाही

हा नियम सर्वांत नाजूक, म्हणून सर्वांत स्पष्ट सांग. सावंतवाडीच्या लखम सावंतांनी १६५९ मध्ये शिवाजी महाराजांशी तह केला आणि पुढे ते पुन्हा आदिलशाहीच्या बाजूला गेले. हे शिकवताना वर्गात कुणी सावंत असतो, कुणी भोसले असतो. जातीचा, धर्माचा, देवळाचा विषय निघाला तरी तेच. माणसाला त्याच्या काळात उभं करून बघायचं, त्याच्या आसपास कोण होतं, काय पणाला लागलं होतं ते आधी विचारायचं, आणि त्याच्या कृत्याचा जाब आजच्या पोराला विचारायचा नाही. चर्चा तापली तर आवाज चढवू नकोस. फळ्यावर दोन्ही बाजूंचे पुरावे लिहायला लाग. हातात खडू असला की वर्ग थंड होतो, आणि पुराव्यावाचून बोलणारा आपोआप गप्प बसतो.

परीक्षेपुरतं

दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर, वेळ दोन तास. भूगोलाचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. ‘सकारण स्पष्ट करा’ इथे पुष्कळांचे गुण जातात, कारण मुलं विधानच पुन्हा वेगळ्या शब्दांत लिहितात. ज्या वर्गाला जूनपासून ‘कशावरून?’ची सवय आहे, तो या प्रश्नाला अडत नाही. टीपेला चार मुद्दे, प्रत्येक मुद्दा स्वतंत्र ओळीवर. संकल्पनाचित्र पेन्सिलने. चुकीची जोडी ओळखताना आधी बरोबर जोड्यांवर खुणा. याचा सराव दर पंधरवड्याला दहा मिनिटं घे. दिवाळीनंतर धावाधाव करावी लागणार नाही.

कोकणातली मुलं दहावीत पास होतात, त्याची काळजी नको. काळजी करायची ती पुढची. तीच मुलं उद्या मोबाइलवर आलेला निरोप पुढे पाठवतील, मत देतील, कुणाच्या पूर्वजांबद्दल बोलतील. त्या वेळी हात थांबवून त्यांनी स्वतःला एकदा ‘कशावरून?’ विचारलं, तर तुझा तास सत्कारणी लागला. एवढीच अपेक्षा ठेव, बाय, आणि ती शेवटपर्यंत सोडू नकोस.