सेकंडहँड पण तुफान : कमी पैशांत वेगवान गाडी कशी निवडावी?

दोस्तांनो, आधीच सांगून ठेवतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे मराठी विभागात माझं नाव बघून रूममेटला हसू आवरत नाहीये. पण गाडीची भाषा सगळ्यांना कळते, म्हणून हिंमत केली. काना-मात्रा संपादक बघून घेतील!

विषय असा. आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि वाडीतली निम्म्याहून जास्त सुपारी आडवी झाली. नवीन सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. मधल्या काळात घराचं छप्पर, माझी फी, सगळं दादाच्या पगारावर चाललं. आता दादाने पाच लाख बाजूला काढलेत आणि त्याला लहानपणापासून हवी होती तशी पळणारी गाडी घ्यायची आहे. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. गाडी तपासायचं काम मेकॅनिकल ब्रँचला आहे म्हणून माझ्याकडे आलं. आई एवढंच म्हणाली, "पाच लाखांत पाच वर्षांचे कष्ट आहेत, नीट बघ." म्हणून मी चक्क सबमिशन असल्यासारखा अभ्यास केला. तोच इथे मांडतो. उद्या तुम्हालाही नोकरी लागेल आणि हा किडा तुम्हालाही चावेल.

१) 'स्पोर्ट्स कार' म्हणजे नेमकं काय?

फेरारी, पोर्शे विसरा. त्या जुन्या मिळाल्या तरी त्यांचा एक सर्व्हिसचा खर्च आपल्याला झेपणार नाही. आपल्यासाठी खरा आकडा आहे पॉवर-टू-वेट रेशो, म्हणजे एक टन वजनामागे किती हॉर्सपॉवर. गंमत म्हणजे या हिशोबात बसणाऱ्या तीन गाड्या आपल्या महाराष्ट्रातच तयार झाल्या.

पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २००४ मध्ये भारतात आली, औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा प्लँटमध्ये जोडली जायची. १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर. दुसरी फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ ची, पुण्याजवळच्या रांजणगावची. १.४ लिटर टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तिसरी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. २०१३ मध्ये आली, चाकणची. १.२ लिटर टर्बो, १०५ हॉर्सपॉवर आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी.

आता ६५ किलोचा ड्रायव्हर धरून हिशोब करा. ऑक्टाव्हियाला टनामागे साधारण १०६, अबार्थला ११४, पोलोला ८९. आणि आपल्या सगळ्यांच्या काकांची लाडकी यामाहा आरएक्स १००? ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या थोडं वर. ड्रायव्हरसकट टनामागे ६५. चाळीस वर्षांपूर्वीच्या बाइकला हा आकडा भारी आहे. ती इतकी का पळायची ते कळलं ना!

२) समुद्र आणि लोखंड यांचं भांडण

गाडीच्या मासिकांत जुनी गाडी कशी घ्यावी यावर पुष्कळ लिहिलेलं असतं. पण बहुतेक सल्ला दिल्ली-पुण्याच्या कोरड्या हवेतला. आपल्या किनाऱ्यावर पहिला शत्रू म्हणजे मीठ.

फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो. मीठ असलं की पाण्यातून आयन सहज वाहतात आणि गंज झपाट्याने वाढतो. त्यात मिठाचा एक गुण असा, की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी स्वतःच ओढून ओलं होतं. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता त्याच्या खाली येतेच कधी? म्हणजे गाडीखाली बसलेला मिठाचा थर पाऊस थांबला तरी ओलाच राहतो. गाडी उभी असतानासुद्धा गंजत असते.

म्हणूनच अलिबागकडची 'बंगल्यावरची गाडी' जपून बघायची. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू आहे, त्यामुळे मुंबईची माणसं गाडी बोटीत घालून येतात. काहींची एक गाडी बंगल्यावरच असते, शनिवार-रविवारपुरती. ती विकायला निघते तेव्हा मीटरवर किलोमीटर एकदम कमी. आपल्याला वाटतं लॉटरी लागली! पण वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या गाडीत ब्रेकच्या डिस्क गंजतात, रबरी सील सुकतात, टायर एकाच जागी दबतात, बॅटरी मरते आणि उंदीर वायरी कुरतडतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषतं. टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल हा वेगळाच ताप. पनवेलला रोज चालवलेली ऐंशी हजार किलोमीटरची गाडी तिच्यापेक्षा तब्येतीने चांगली असू शकते.

कुठे बघायचं? चाकांच्या कमानीच्या आतली कड, दरवाजाची खालची शिवण, जॅक लावायची जागा, सस्पेन्शनची स्प्रिंग जिथे टेकते ती बैठक, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि रेडिएटरच्या जाळीचा खालचा भाग. खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक ठेवा. पातळ कपड्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली असण्याची दाट शक्यता. (प्लॅस्टिकच्या बंपरवर चिकटलं नाही म्हणून मालकाशी भांडू नका!) काशीदसारख्या बीचवर गाडी पाण्यात घालून फोटो काढणारे हौशी कमी नाहीत. सीटच्या रुळांत पांढरी वाळू सापडली तर काय ते समजा.

३) पुरातली गाडी ओळखा

दुसरा शत्रू पूर. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, महाडकरांना या तारखा सांगाव्या लागत नाहीत. पुरात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून, सुगंधी स्प्रे मारून पुन्हा विकायला येते.

अशी एक गाडी दादा आणि मी बघितली. कुठली, कोणाकडे ते सांगत नाही. बाहेरून नवरीसारखी सजवलेली. मी पुढचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचलला, कोपऱ्यात वाळलेला गाळ. डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर तपकिरी गंज. दादा हळूच म्हणाला, "अरे, पण इंजिन मस्त वाजतंय." मी म्हटलं, "दादा, इंजिन आज वाजतंय. वायरिंगमधलं पाणी सहा महिन्यांनी वाजेल." आम्ही चहा पिऊन निघालो. दादा बसमध्ये एक शब्द बोलला नाही, पण पाच लाख शाबूत होते.

पुराचं पाणी इंजिनापेक्षा इलेक्ट्रिकल जोडण्यांना जास्त छळतं. एअरबॅगचा कंट्रोलर बऱ्याच गाड्यांत मध्ये, खाली, जमिनीलगत असतो. तो गंजला तर एअरबॅग ऐन वेळी उघडेलच याची खात्री नाही. म्हणून अशा गाडीला स्वस्तातही हात लावायचा नाही.

४) टर्बो इंजिनाची तपासणी

वरच्या तिन्ही गाड्या टर्बोवाल्या. टर्बोची दांडी मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकते आणि ती तरंगते तेलाच्या पातळ थरावर. तेल वेळेवर बदललं नसेल तर टर्बो गेला.

म्हणून मालकाला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर त्याने काहीतरी लपवलंय असं धरून चाला. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका. टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. ओढ सलग यायला हवी. शिट्टीसारखा आवाज आणि ओढ नाही म्हणजे कुठेतरी हवा गळतेय.

टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बेल्ट तुटला तर अशा बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पोलोच्या सात गिअरच्या डीएसजीत क्लच कोरडा असतो, ट्रॅफिकमध्ये सरकत सरकत चालवली की तो तापतो. चढावर हळू सोडून बघा, धक्के बसत असतील तर सोडून द्या. शेवटी ओबीडी स्कॅनर लावा. 'आत्ताच सगळे कोड पुसलेत' असं दिसलं तर तोच सगळ्यात मोठा कोड!

५) कागद, म्हणजे खरी गाडी

लोखंडापेक्षा जास्त माणसं कागदांत फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. पासिंग एमएच-०६ असो की एमएच-४६, चलान थकली आहेत का तेही बघा.

'नावावर नंतर करू' हे वाक्य दोन्ही बाजूंना महागात पडतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. इन्शुरन्सचंही तसंच. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर आपोआप येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो.

ऑक्टाव्हिया आरएससारखी १५ वर्षांवरची गाडी असेल तर रजिस्ट्रेशन नूतनीकरण, त्यासाठी फिटनेस आणि ग्रीन टॅक्स हे खर्च धरा. आणि कोणी 'ईसीयू रिमॅप केलाय, ३० हॉर्सपॉवर जास्त' म्हणून भाव वाढवत असेल तर तो भाव कमी करायचा मुद्दा आहे. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हाच मुद्दा काढतात.

६) पैशांचं गणित

आमचा नियम : बजेटच्या ७० टक्क्यांवर गाडी घ्यायची नाही. पाच लाखांचं वाटप असं. गाडी साडेतीन लाख. टायर, ब्रेक, सस्पेन्शन साठ हजार. तेलं, बेल्ट, बॅटरी तीस हजार. इन्शुरन्स आणि ट्रान्स्फर तीस हजार. उरलेले तीस हजार पहिल्या पावसाळ्यासाठी, हात लावायचा नाही. पाच लाखांची गाडी पाच लाखांत घेणारा पहिल्याच बिघाडाला ती विकायला काढतो आणि घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही. खरं तर असा घाईतला माणूस आपण शोधायचा असतो, स्वतः व्हायचं नसतं.

७) सगळ्यात महत्त्वाचं : थांबणं

वार्डन सरांनी हा भाग वाचावा म्हणून शेवटी ठेवलाय. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला तर नुसतं ब्रेकिंगचं अंतर सुमारे ४९ मीटर. ओल्या रस्त्यावर, झिजलेल्या टायरांवर तो ०.४ झाला तर ९८ मीटर. त्यात दीड सेकंद मेंदूला कळायला, म्हणजे आणखी ४२ मीटर. एकूण १४०! आपल्या किनाऱ्याच्या रस्त्यावर १४० मीटर सरळ कुठे दिसतात? वळणापलीकडे एसटी असते, मासळीची पाटी घेतलेली मावशी असते, नाहीतर रस्त्यात बसलेली म्हैस.

म्हणून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, इतका जुना रबर कडक झालेला असतो आणि पावसात धरत नाही. जुन्या वेगवान गाडीत पहिला खर्च टायर आणि ब्रेकवर करायचा, आवाज करणाऱ्या सायलेन्सरवर नाही.

मग निवड कोणती? ऑक्टाव्हिया आरएस मनाला भावते, पण वय आणि पार्ट बघता घरचं गॅरेज असेल त्यानेच घ्यावी. अबार्थ सगळ्यात जोरदार, पण फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणं बंद केलंय, तेव्हा आधी पार्ट देणारा माणूस शोधा, मग गाडी. सर्व्हिसची सगळी बिलं असलेली, गंज नसलेली, पहिल्या मालकाची पोलो मिळाली तर आमच्या घरासाठी तीच योग्य, असं मी दादाला लेखी दिलंय. अजून तशी मिळालेली नाही. चार बघितल्या, चारही नाकारल्या. दादा कुरकुरतो, पण आई खूश आहे.

तुम्हीही गाडी बघायला जाल तेव्हा खिशात टॉर्च, लोहचुंबक आणि 'नाही' हा शब्द घेऊन जा. टोकनचे पैसे मात्र पहिल्या दिवशी घरीच ठेवा.