राष्ट्राभिमान आणि परदेशी गुणवत्ता : कबड्डीचा धडा

व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात परदेशी खेळाडूंना कितपत स्थान असावे, हा प्रश्न जुनाच आहे. संघमालकास विजय हवा असतो, प्रेक्षकास उत्तम खेळ पाहावयाचा असतो, तर होतकरू देशी खेळाडूस संधी हवी असते. या तिन्ही अपेक्षांचा मेळ घालणे सोपे नाही. इंडियन प्रीमियर लीगमध्ये एका संघातर्फे मैदानावर अधिकाधिक चार परदेशी खेळाडू उतरविता येतात, ते याच हेतूने. युरोपात मात्र १५ डिसेंबर १९९५ च्या 'बॉसमन' निकालाने युरोपीय संघाच्या सदस्य देशांतील फुटबॉलपटूंवरील अशी मर्यादा रद्द झाली. पुढे २६ डिसेंबर १९९९ रोजी लंडनच्या चेल्सी क्लबने सामन्याच्या प्रारंभी एकही ब्रिटिश खेळाडू मैदानात उतरविला नाही.

कबड्डी हा तर आपल्या मातीतील खेळ. त्यामुळे तेथे हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा ठरतो. आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० ते २०१४ या काळात पुरुषांची सातही सुवर्णपदके भारतानेच मिळविली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पुढील वर्षी इराणचा बचावपटू फझल अत्राचली 'यू मुंबा' संघात आला आणि त्या वर्षी हा संघ विजेता ठरला. २०१८ मध्ये जकार्ता येथे मात्र इराणने पुरुषांच्या उपान्त्य सामन्यात भारताचा २७-१८ असा पराभव केला. फझल त्या इराणी संघात होता. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारतावर २७-२४ अशी मात केली. त्या विजयी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन!

प्रतिस्पर्ध्यांना आपणच शिकवून सज्ज केले काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु २०१४ च्या अंतिम सामन्यात इराण अवघ्या दोन गुणांनी हरला होता, आणि लीगचा तेव्हा पहिलाच हंगाम झाला होता. इराणची प्रगती केवळ लीगमुळे झाली, असे म्हणूनच म्हणता येत नाही. शिवाय लीगमधील देवघेव उभयपक्षी असते. इराणी बचावाशी हंगामामागून हंगाम झुंजलेल्या भारतीय चढाईपटूंनी २०२३ मध्ये हांगझोऊ येथे इराणला ३३-२९ असे नमवून सुवर्णपदक परत आणले.

लीगमधील संघ करारावर उभा असतो, राष्ट्रीय संघ नागरिकत्वावर. हा भेद ध्यानी घेतल्यास अभिमान आणि गुणवत्ता यांत विरोध उरत नाही. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा अवश्य असावी. पण तिचा हेतू नवोदितांसाठी जागा राखणे हा असावा, स्पर्धा टाळणे हा नव्हे. ज्या खेळात एकच देश सदैव जिंकतो, त्या खेळाला जागतिक क्रीडाक्षेत्रात मोठे स्थान लाभणे अवघड असते. आपला खेळ जगाने आत्मसात करावा आणि तरीही गावोगावच्या क्रीडामंडळांतून घडलेल्या आपल्या खेळाडूंनी तो जिंकावा, यातच खरा राष्ट्राभिमान आहे.