हवा नको, पाणी भरा

पाणबुडीचं मॉडेल घेऊन येणाऱ्या मुलांना मी पहिला प्रश्न एकच विचारतो. टेस्ट कशानं घेणार, हवेनं की पाण्यानं? बाकीचं सगळं मग.

पलूसला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. ‘मत्स्य ६०००’च्या बातम्या यायला लागल्यापासून सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टला तेच घेतात आणि झाकणं, रिंगा टर्निंग करून घ्यायला माझ्याकडे येतात. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ही पाणबुडी बनवते आहे, तीन माणसांना ६००० मीटर खोल नेण्यासाठी. उसाच्या रानातल्या मुलांना त्या खोलीची ओढ लागावी, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच एकदा जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायलाच हवं.

मत्स्यचा माणसं बसायचा टायटॅनियमचा गोळा बाहेरून २.२६ मीटर व्यासाचा, भिंत ८० मिलिमीटर जाड. त्याचा विसावा भाग केला तर ११३ मिलिमीटर भरतो. बाजारातला चार इंची पीव्हीसी पाइप बाहेरून ११० चा. त्यामुळे बहुतेक मुलं गोळ्याचा नाद सोडून तोच पाइप कापतात आणि दोन्ही टोकांना एंडकॅप बसवतात. त्यात चूक काही नाही. माझ्याकडे आलेल्या एका ग्रुपनंही तेच केलं होतं. पाणी शिरतंय का हे बघायला त्यांनी कॅपला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला आणि हवा भरून साबणाचा फेस लावायला सुरुवात केली. मी दारातून आत येत होतो. काटा तीसच्या आसपास असावा. आवाज झाला आणि कॅप वरच्या पत्र्याला भोक पाडून गेली. पाइपाचे धारदार तुकडे भिंतीपर्यंत उडाले. फेस लावणारा मुलगा ब्रश बुडवायला बादलीकडे वळला होता, एवढ्यानंच वाचला.

तीस पौंड म्हणजे मोटरसायकलच्या चाकातली हवा, असं मुलांना वाटतं. पण चार इंची कॅपच्या आतल्या अंगावर तेवढ्यानं जवळपास पावणेदोनशे किलोचा रेटा येतो. दाबलेली हवा ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते, सांधा सुटला की सगळा जोर एकदम बाहेर काढते. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे सांधा सुटला की चार थेंब उडतात आणि काटा शून्यावर येतो. आमच्या शेजारी किर्लोस्करवाडीला कित्येक दशकं पंप बनतात. या धंद्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, केसिंग पाणी भरून तपासतात. साखर कारखान्याचा बॉयलरही हायड्रो टेस्टनंच पास होतो.

शिवाय आतून हवा भरणं ही या कामाला उलटी परीक्षा आहे. पाण्याखाली दाब बाहेरून येतो. तो झाकणाला ओ-रिंगवर आणखी घट्ट बसवतो आणि पाइपाला आत चेपू पाहतो. आतली हवा झाकण बाहेर ढकलते आणि पाइप फुगवते. ती टेस्ट पास झाली तरी पाइप चेपणार की नाही, याचा काहीच पत्ता लागत नाही.

म्हणून रिकामं कवच आधी विहिरीत सोडा, मोटर-लाइट काहीही न बसवता. आत वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून ठेवा, थेंब कुठून आला ते ओल्या डागावरून कळतं. वजन बांधा आणि दोर बांधा, दोराशिवाय एक फूटही नको. ३३ फुटांवर त्याच झाकणावर बाहेरून सुमारे ९५ किलोचा भार येतो, कॉलेजच्या मॉडेलला तेवढी परीक्षा पुरे आहे. विहिरीवरची मोटर नुसती बंद करून भागत नाही, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. मॉडेल तळाला गेलं तर जाऊ द्या. त्याच्यामागे कुणी विहिरीत उतरायचं नाही, पडक्या विहिरीत तर मुळीच नाही, तिथं तळाशी कुबट हवा साठलेली असते. आणि कृष्णेत तर नकोच. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि कोयनेतून पाणी सोडलं की नदी कधी चढेल सांगता येत नाही.

कागद ओला निघाला की मुलं झाकणाला दोष देतात. बऱ्याचदा पाणी वायरीतून आलेलं असतं. वायर आत घेणारी ग्लँड कोरडी असते, पण तारेच्या बारीक पदरांमधून, इन्सुलेशनच्या आतून, थेंब सरकत येतो. वायर अर्धा इंच सोलायची, पदर डाख देऊन बुजवायचे आणि तो भाग अ‍ॅराल्डाइटमध्ये गाडायचा. ओ-रिंग बसवताना बोट फिरवून बघा, एक केस आडवा आला तरी गळती होते.

तरंगण्यासाठी थर्मोकोल लावू नका. तो खोलावर दबतो, तरंगण्याची ताकद कमी होते आणि मॉडेल जास्तच वेगानं खाली जातं. खालचं वजन इलेक्ट्रोमॅग्नेटला धरून ठेवा, बॅटरी गेली की वजन सुटलं पाहिजे. खोल समुद्रात उतरणाऱ्या बऱ्याच पाणबुड्याही वजन टाकूनच वर येतात. विसाव्या मापात एक ग्रॅम म्हणजे मूळच्या आठ किलो, तेव्हा तराजू जवळ ठेवा.

दाब मात्र मापात लहान होत नाही. ६००० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ६०० किलोंहून जास्त भार असतो. भिंत आणि व्यास यांचं प्रमाण तेच आणि धातूही तोच असला, तर लहान गोळ्यालाही मोठ्याइतकंच सोसावं लागतं. म्हणून दिसायला हुबेहूब मॉडेल आणि बुडणारं मॉडेल ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच पाइपात ती कोंबू नका. मत्स्यवाल्यांनीही पायरीपायरीनं काम केलं. २०२१ मध्ये साध्या पोलादाचा गोळा ६०० मीटरपर्यंत तपासला आणि २०२५ च्या सुरुवातीला पाणबुडी कट्टुपल्ली बंदरातल्या पाण्यात उतरवली.

याउलट १८ जून २०२३ ला टायटॅनिककडे निघालेली ‘टायटन’ पाणबुडी चिरडली आणि पाच माणसं गेली. तिच्या कवचाचे एक-तृतीयांश आकाराचे नमुने त्याआधी दाबाच्या टाकीत पिचकले होते. लहान नमुना त्याचं काम करून गेला होता, ऐकणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यात माणसं गेली याचा मला आजही संताप येतो.

तुमचं कवच चेपलं, तर ते भंगारात टाकू नका. किती फुटांवर चेपलं, कोणत्या बाजूनं, किती किलो दाबाचा पाइप होता, हे मार्करनं त्याच्यावरच लिहा आणि प्रदर्शनात रंगवलेल्या मॉडेलशेजारी टेबलावर ठेवा. परीक्षक विचारतीलच.