विहिरीचे पाणी आणि धंद्याचा पैसा

वाचकहो, आपल्या आंबोलीत पाऊस किती पडतो, हे तुम्हांला सांगायला नको. महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त पाऊस पडतो अशा ठिकाणांत आंबोलीचे नाव घेतात. हिरण्यकेशी नदीचा उगम इथलाच. पण घाट उतरून खाली कोकणात गेलात, की चैत्र-वैशाखात कितीतरी विहिरींचे तळ दिसू लागतात. पावसाचे पाणी उतारावरून थेट समुद्राला मिळते. ज्या गावाने ते अडवले, बाव खणली, त्याच गावाच्या कळशीत ते उन्हाळ्यात येते. म्हणून तर आपल्याकडे विहीर बांधणे हे पुण्याचे काम मानतात.

आज आपण एका विहिरीपासून सुरू होणारी गोष्ट वाचू. ही विहीर दूर राजस्थानात, सीकरजवळच्या काशी-का-बास या गावातली. गोष्ट मात्र पुढे आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याला येते.

काशी-का-बास इथे 1889 साली एका साध्या घरात जमनालाल नावाचा मुलगा जन्मला. त्याच्या आईचे नाव बिरदीबाई. वर्ध्याचे व्यापारी शेठ बच्छराज बजाज यांच्या पत्नी सदीबाई एकदा त्या गावी आल्या. त्यांच्या घराला वारस नव्हता. अंगणात खेळणारे पोर पाहून त्या म्हणाल्या, हा मला द्या. बिरदीबाई पाहुणीचा मान राखून बोलून गेल्या, तुमचाच आहे. सदीबाईंनी तो शब्द खरा धरला. आता काय करावे? आईचा जीव तुटला, पण तिने शब्द मोडला नाही. चार-पाच वर्षांचा जमनालाल वर्ध्याला नातू म्हणून दत्तक गेला. त्याच्या बदल्यात घरात पैसा आला नाही. गावाला पाण्याचे हाल होते, म्हणून गावासाठी एक विहीर खणली गेली.

जमनालाल मोठा झाला. 1907 साली दागिने घालण्यावरून आजोबांशी खटका उडाला. सतरा वर्षांच्या त्या पोराने चिठ्ठी लिहिली, की मला तुमची इस्टेट नको, आणि तो घराबाहेर पडला. लोकांनी समजूत घालून त्याला परत आणले. पण त्या दिवसापासून ही संपत्ती आपली नाही, आपण तिचे राखणदार आहोत, असे त्याने मनाशी धरले. पुढे गांधीजींनी हाच विचार विश्वस्त या शब्दाने सांगितला.

आता जानकीदेवींची गोष्ट बघा. त्यांचा जन्म 1893 सालचा. लहानपणीच त्यांचे जमनालालांशी लग्न झाले. श्रीमंताघरची सून, अंगभर सोने, तोंडावर पडदा. पण नवऱ्याच्या विचाराला त्यांनी नुसती मान डोलावली नाही, तर स्वतः करून दाखवले. सोने उतरवले ते पुन्हा घातले नाही. पडदा सोडला. खादी नेसल्या, सूत कातले, तुरुंगात गेल्या. 1928 साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर या घराने हरिजनांना खुले केले, तेव्हाही त्या नवऱ्याबरोबर उभ्या राहिल्या.

पोरे आईचे शब्द ऐकतात त्याहून तिचे हात जास्त बघतात. कमलनयन आणि रामकृष्ण या मुलांनी जे घर पाहिले, त्यात तिजोरीही होती आणि चरखाही होता.

1942 साली जमनालाल वारले. जानकीदेवींनी आपल्या वाट्याचा पैसा गोसेवेच्या कामाला दिला. विनोबांच्या भूदानात त्या गावोगाव हिंडल्या. जमिनीला पाणी नसेल तर गरिबाने ती कसायची कशी? म्हणून त्यांनी विहिरींसाठी दान मागितले. याला कूपदान म्हणतात. कूप म्हणजे विहीर. 1956 साली त्यांना पद्मविभूषण हा मान मिळाला. 1979 साली त्या वारल्या.

इकडे मुलांनी धंदा वाढवला. साखर कारखाना 1931 साली, जमनालालांच्या हयातीतच निघाला होता. 1945 साली सुरू झालेली व्यापारी कंपनी पुढे स्कूटर बनवू लागली. बजाजची स्कूटर तुमच्यापैकी कितीजण तरी बसले असतील! पण धंदा वाढला तरी घराचा रिवाज सुटला नाही. 1977 साली जमनालालांच्या नावाने प्रतिष्ठान निघाले. 1987 साली जानकीदेवींच्या नावाने ग्रामविकास संस्था निघाली. कमलनयन यांच्या नावाचे प्रतिष्ठान 2009 साली निघाले, त्याने वर्धा आणि सीकर या भागांत पाणी अडवण्याचे काम हाती घेतले. एका आईने गावाला विहीर मिळवून दिली, त्याच सीकरकडे घराण्याचा पैसा पुन्हा पाण्यासाठी गेला.

तुम्ही म्हणाल, ते शेठ, आमचे काय? चहाचे दुकान असो, काजूचा की कोकमाचा धंदा असो, गल्ला लहान असला तरी नियम तोच. विहीर उपसली की झरा वाहता राहतो. पाणी नुसते साठून राहिले तर ते कुजते. आणि घरात देण्याची सवय बहुधा आवसच लावते.

प्रश्न
1. बिरदीबाईंनी शब्द का मोडला नाही?
2. कूपदान म्हणजे काय?
3. जानकीदेवींनी कोणत्या गोष्टी सोडल्या?
4. तुमच्या घरच्या धंद्यात आईचा वाटा कोणता? चार ओळी स्वतःच्या हाताने लिहा.