अँटिऑक्सिडंटची डबी घेण्याआधी

‘रोज अँटिऑक्सिडंट घेतो, किडनीला काही होणार नाही,’ या भरवशावर दारू पिणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावाच. ग्लुटाथायोन या अँटिऑक्सिडंटची महिन्याची डबी साधारण हजार ते दीड हजार रुपयांना पडते, म्हणजे वर्षाला बारा ते अठरा हजार.

एवढ्या पैशात मिळतं काय? दारूने उंदरांच्या किडनीला होणारी इजा अशा द्रव्यांनी कमी झाल्याचे प्रयोग आहेत. माणसांत तसा भरवशाचा पुरावा नाही. अँजिओग्राफीच्या डायपासून किडनी वाचावी म्हणून एनएसी (अ‍ॅसिटिलसिस्टीन) हे अँटिऑक्सिडंट वर्षानुवर्षं दिलं जायचं. २०१८ साली सुमारे पाच हजार रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा काहीच फायदा दिसला नाही. ‘क’ जीवनसत्त्व स्वस्त आहे, पण रोज १,००० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास मुतखड्याचा धोका वाढतो. किडनी आधीच कमजोर असेल तर जास्तच. सप्लिमेंटच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती वाचा.

हाच पैसा तपासणीवर घाला. क्रिएटिनिन साधारण दीडशे ते तीनशे रुपयांत होतं. रिपोर्टवर ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) लिहून मागा. मात्र बरीच वर्षं पिणाऱ्याचे स्नायू बऱ्याचदा झडलेले असतात, त्यामुळे त्याचं क्रिएटिनिन फसवं ‘नॉर्मल’ येऊ शकतं. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही करा. त्याला चारशे ते आठशे रुपये लागतात, आणि ते ३० च्या वर आलं तर डॉक्टरांना दाखवा. लॅबनुसार दर बदलतात; आधी फोन करून विचारा. रक्तदाब तर सरकारी दवाखान्यात फुकट मोजून मिळतो, आणि दारू किडनीला गाठते ती बऱ्याचदा रक्तदाब वाढवूनच.

रात्री पिऊन सकाळी डोकं दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला इजा करू शकतात.

दारू सोडायला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नाही. व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही मोफत आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत; तिथे मानसोपचार विभागात जा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भास, फिट असे त्रास होऊन जीवावरही बेतू शकतं, त्यामुळे सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत.