मुष्टियुद्धपटू केटी टेलर

आधुनिक ऑलिंपिक स्पर्धांमध्ये पुरुषांच्या मुष्टियुद्धाचा समावेश १९०४ साली झाला. स्त्रियांना त्या रिंगणात उतरण्यासाठी २०१२ सालापर्यंत, म्हणजे तब्बल १०८ वर्षे थांबावे लागले. ठोसे देणे-घेणे स्त्रीच्या प्रकृतीला मानवणारे नाही, ही समजूत क्रीडासंघटनांच्या मनात खोलवर रुजलेली होती. ती बदलण्यात ज्या खेळाडूंचा वाटा आहे, त्यांत आयर्लंडच्या केटी टेलरचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते.

केटीचा जन्म १९८६ साली डब्लिनच्या दक्षिणेस समुद्रकाठी वसलेल्या ब्रे या गावी झाला. वडील पीटर टेलर हे स्वतः मुष्टियोद्धे. त्यांच्यासोबत सरावाला जाता जाता मुलीच्या हातातही मोजे आले. तथापि आयर्लंडमध्ये त्या काळी मुलींच्या लढतींना मान्यताच नव्हती. मग एक युक्ती योजण्यात आली. स्पर्धकांच्या यादीत ‘के. टेलर’ एवढेच नाव लिहायचे, केस शिरस्त्राणाखाली दडवायचे आणि मुलगा म्हणून मुलांशी लढायचे. लढत संपून शिरस्त्राण उतरले, की प्रेक्षकांना उलगडा होई. नियमाच्या दृष्टीने ही फसवणूकच. परंतु कौशल्य न पाहताच दार लावून घेणाऱ्या नियमासमोर दुसरा मार्ग तरी कोणता होता? अखेर ३१ ऑक्टोबर २००१ रोजी डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडमधील स्त्रियांची पहिली अधिकृत लढत झाली. पंधरा वर्षांच्या केटीने ती जिंकली.

तिचे पहिले जागतिक अजिंक्यपद आपल्या देशात साकार झाले, हे अनेकांना ठाऊक नसेल. २००६ साली स्त्रियांची जागतिक हौशी स्पर्धा नवी दिल्लीत भरली होती. तेथे ६० किलो वजनी गटाचे सुवर्णपदक केटीने पटकावले. त्याच स्पर्धेत मणिपूरच्या मेरी कोमने ४६ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. पुढे २००८, २०१०, २०१२ आणि २०१४ अशा सलग चार जागतिक स्पर्धा केटीने जिंकल्या. विशेष म्हणजे याच काळात काही वर्षे ती आयर्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघातूनही खेळत होती.

केवळ पदके मिळवून भागणारे नव्हते. ऑलिंपिकच्या पदाधिकाऱ्यांना स्त्रियांचा खेळ दाखवण्यासाठी केटीने प्रदर्शनीय लढती दिल्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला ऑलिंपिकची दारे उघडली. पण ती अर्धवटच. पुरुषांसाठी दहा वजनी गट, तर स्त्रियांसाठी केवळ तीन! सर्वांत खालचा गट ५१ किलोचा असल्याने मेरी कोमसारख्या कमी वजनाच्या खेळाडूला आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागले. तिने कांस्यपदक मिळवले. केटीने ६० किलो गटाच्या अंतिम लढतीत रशियाच्या सोफिया ओचिगावाला १०-८ असे नमवून सुवर्णपदक जिंकले.

२०१६ साली रिओ येथे मात्र उपांत्यपूर्व फेरीतच तिचा पराभव झाला. तेव्हा ती तीस वर्षांची होती. अनेक खेळाडू या टप्प्यावर निवृत्त होतात. केटीने व्यावसायिक मुष्टियुद्धाची वाट धरली.

हा बदल केवळ मानधनापुरता नसतो. हौशी खेळात तिने चार छोट्या फेऱ्यांत चपळाईने गुण वेचण्याची कला आत्मसात केली होती. व्यावसायिक रिंगणात स्त्रियांचे शिरस्त्राण जाते, मोजे हलके होतात, अजिंक्यपदाच्या लढतीत फेऱ्या दहा होतात आणि एखादा जोरकस ठोसा साऱ्या लढतीचा निकाल लावू शकतो. अंगवळणी पडलेली लढण्याची रीत तिशीनंतर नव्याने घडवणे सोपे नव्हे. शिवाय स्त्रियांच्या लढती कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशीच असत. २६ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनच्या वेम्बली अरीनामध्ये केटीने पहिली व्यावसायिक लढत तिसऱ्या फेरीतच जिंकली. वर्ष उलटण्यापूर्वी ती जगज्जेती झाली. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेल्जियमच्या डेल्फिन पर्सूनला हरवून तिने आपल्या वजनी गटाची चारही प्रमुख अजिंक्यपदे एकत्र आणली. ती लढत इतकी अटीतटीची झाली, की तिच्या निकालावर बराच काळ वाद रंगला.

३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रथमच स्त्रियांची लढत मुख्य लढत ठरली. केटीसमोर प्वेर्तो रिकोची अमांडा सेरानो होती. पाचव्या फेरीत केटी अक्षरशः कोलमडण्याच्या बेतात होती. तरीही तिने स्वतःला सावरले आणि पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने विजय मिळवला. २०२३ च्या मे महिन्यात डब्लिनच्या प्रेक्षकांसमोर, वरच्या वजनी गटात, चँटेल कॅमेरॉनने तिला व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव दाखवला. सहाच महिन्यांत त्याच शहरात केटीने त्याची परतफेड केली.

एक प्रश्न मात्र मिटलेला नाही. पुरुषांच्या अजिंक्यपदाच्या लढतीत तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या असतात. स्त्रियांसाठी प्रघात आहे तो दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांचा. सेरानोने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुरुषांप्रमाणे लढत दिली. त्यास मान्यता न देणाऱ्या संघटनेचे अजिंक्यपद तिने सोडून दिले. केटी आणि सेरानो २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आणि २०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा समोरासमोर आल्या. दोन्ही लढती दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांच्याच होत्या आणि दोन्ही केटीने जिंकल्या. यांतील दुसरी लढत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली. त्या रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेवर सर्वच लढती स्त्रियांच्या होत्या.