कोकणातील रस्ते आणि वाहतुकीची कोंडी : एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

रस्ते म्हणजे देशाच्या रक्तवाहिन्या, हे वाक्य आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. परंतु रक्तवाहिनी कोठे आकसली आहे, हे पाहिल्याशिवाय वैद्य औषध देत नाही. रस्त्यांच्या बाबतीत मात्र कोंडी झाली की 'रस्ता रुंद करा' हा एकच उपाय सर्वांच्या तोंडी असतो. हा उपाय कितपत पुरा पडतो, याचा विचार कोकणाच्या उदाहरणावरून करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

भूमीने घातलेली अट

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये सरासरी पन्नास-साठ किलोमीटर रुंदीची पट्टी, असे कोकणाचे स्वरूप आहे. सह्याद्रीवर उगम पावणाऱ्या नद्या ही पट्टी आडवी कापत समुद्रास मिळतात. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याला प्रत्येक नदी ओलांडावी लागते आणि दोन नद्यांमधील डोंगराची सोंडही चढून उतरावी लागते. पनवेलहून गोव्याकडे निघालेला महामार्ग अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, अर्जुना, गड आणि तेरेखोल या नद्या ओलांडतो. वाटेत पोलादपूर आणि खेड यांच्यामध्ये कशेडी, तर चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट लागतो. देशावर जायचे तर कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली अशा घाटांवाचून गत्यंतर नाही.

म्हणजे कोकणात पूल आणि घाट या दोन चिंचोळ्या जागा निसर्गानेच नेमून दिल्या आहेत. माणसाने त्यांत तिसरी भर घातली, ती बाजारपेठेची. रस्ता आला तसे गाव रस्त्याकडे सरकले, एस.टी.चा थांबा, त्यासमोर हॉटेल, शेजारी भाजीवाले आणि रिक्षा, अशी गर्दी रस्त्याच्या अंगावरच वाढली. इंदापूर आणि माणगाव ही नावे गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला पाठ झाली, ती या बाजारपेठांतील खोळंब्यामुळेच.

थोडा पूर्वेतिहास

१८३० मध्ये बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला आणि मुंबई बंदर देशाशी जोडले गेले. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वेही वर चढली. दक्षिण कोकण मात्र दीर्घकाळ समुद्रमार्गावरच विसंबून राहिले. तेथील माणूस बोटीने मुंबईस जाई आणि त्याची मनिऑर्डर घर चालवी.

रस्त्यांचा देशपातळीवर विचार सुरू झाला, त्यात एका महाराष्ट्रीय विद्वानाचा मोठा वाटा आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष डॉ. मुकुंदराव जयकर हे होते. या समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस या दोन गोष्टी उभ्या राहिल्या. पुढे १९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरून वीस वर्षांची रस्ते योजना आखण्यात आली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही आज आपल्या परिचयाची वर्गवारी त्या योजनेतील आहे. या योजनांचा भर रस्त्यांची लांबी वाढविण्यावर होता. गावोगाव रस्ता नव्हता, त्या काळात ते योग्यच होते. आजचा प्रश्न मात्र लांबीइतकाच प्रवाहाचाही आहे.

कोंडीचे गणित

शेतात पाट कितीही रुंद खणला, तरी वाटेतील मोरी लहान असेल तर पलीकडे मोरीपुरतेच पाणी जाते. रस्त्याचेही तसेच आहे. एका पदरावरून दर दोन सेकंदांना एक वाहन गेले, तर तासाला १,८०० वाहने जातात. पुढे बाजारपेठेत तेच अंतर तीन सेकंदांचे झाले, तर तासाला १,२०० वाहनेच बाहेर पडतील. उरलेली ६०० वाहने रांगेत उभी राहतील. ही स्थिती दोन तास टिकली, तर रांगेत १,२०० वाहने साठतात. प्रत्येक वाहनास आठ मीटर जागा धरली, तर ही रांग साडेनऊ किलोमीटरहून अधिक लांब होते.

या उदाहरणाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. दोन तासांनंतर मागून येणारी वाहने तासाला ९०० इतकी कमी झाली असे मानू. बाहेर १,२०० पडतात, म्हणजे रांग तासाला ३०० नेच घटेल आणि पूर्ण मोकळी व्हायला चार तास लागतील. दोन तासांच्या गर्दीचा भुर्दंड असा सहा तास भरावा लागतो. बिघडलेला एक ट्रक बाजूला काढल्यानंतरही वाहने तासन् तास का हलत नाहीत, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

टोलनाक्याचेही असेच आहे. पैसे घेऊन सुटे परत देण्यास एका वाहनामागे बारा सेकंद लागले, तर एका खिडकीतून तासाला ३०० वाहने सुटतात. म्हणजे एका पदराला सहा खिडक्या हव्यात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामागे हाच हिशेब होता. एक इंचही रस्ता न वाढविता वाहने लवकर सुटू शकतात, हे यातून ध्यानात येते.

एक गळा मोकळा केला की दुसरा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. सहा पदरांचा हा रस्ता देशात नमुना म्हणून दाखविला गेला. परंतु बोरघाटात खंडाळ्यापर्यंतच्या टप्प्यात द्रुतगती मार्गाचे सहा पदर आणि जुन्या महामार्गाचे चार पदर एकत्र येत. दहा पदरांवरची वाहतूक सहा पदरांत मावणे शक्य नव्हते. रस्ता सपाटीवर कितीही वेगवान असला, तरी त्याची खरी क्षमता घाटातील या तुकड्याने ठरविली. म्हणूनच खोपोली ते कुसगाव असा सुमारे तेरा किलोमीटरचा, लांब बोगद्यांचा नवा जोडमार्ग २०१९ मध्ये हाती घ्यावा लागला.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्ये शहरी द्रुतमार्गांविषयी एक नियम मांडला. गर्दीच्या वेळची वाहतूक नव्या रस्त्याची क्षमता भरून काढेपर्यंत वाढत जाते, असा त्याचा आशय आहे. रस्ता सुधारला की रेल्वेने जाणारा मोटार काढतो, पहाटे निघणारा सकाळी सावकाश निघतो आणि जो निघणारच नव्हता तोही निघतो. म्हणून रस्ते बांधूच नयेत, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ज्यांना प्रवास शक्य नव्हता त्यांना तो शक्य झाला, हाही लाभच आहे. परंतु केवळ रुंदीकरणाने कोंडी कायमची संपेल, ही अपेक्षा फोल आहे.

मुंबई-गोवा महामार्गाचा धडा

पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा क्रमांक ६६, अशा या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पुढे मुदती अनेकदा उलटल्या. कर्नाळा पक्षी अभयारण्याजवळ वनखात्याच्या परवानग्यांचा प्रश्न आला, कोठे भूसंपादन रखडले, कोठे ठेकेदार बदलावे लागले. कोकणातील भूसंपादन हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. चार गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतील निम्मे मुंबईत आणि काही वारलेले. मोबदला कोणाला द्यायचा हे ठरेपर्यंत पावसाळा येतो आणि आणखी एक हंगाम फुकट जातो. सिंधुदुर्गातील टप्पा तुलनेने लवकर झाला आणि रायगडातील रेंगाळला. त्यामुळे प्रवाशाला रुंद रस्ता, मग अरुंद रस्ता, पुन्हा रुंद रस्ता अशी वाट मिळाली. प्रत्येक सांध्यापाशी एक नवा गळा तयार झाला.

तरीही चांगली उदाहरणे आहेत. कशेडी घाटाला पर्याय म्हणून सुमारे दोन किलोमीटरचे जोडबोगदे खोदण्यात आले आणि २०२३ च्या गणेशोत्सवात त्यांतील एक वाहतुकीस मिळाला. अवघड चढउताराचा घाट काही मिनिटांवर आला. कणकवलीत बाजारपेठेवरून उड्डाणपूल गेला. याउलट परशुराम घाटात रुंदीकरणासाठी डोंगर उभा कापला गेला, दरडी कोसळू लागल्या आणि २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी हा घाट दररोज काही तास बंद ठेवावा लागला. अतिवृष्टीच्या प्रदेशात मातीचा उतार किती अंशांत कापावा, पाणी कोठून काढावे, याचा विचार रुंदीच्या आधी व्हावा लागतो, हे या घाटाने दाखविले.

सर्वांत कठोर धडा सावित्रीने दिला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. शेजारी नवा पूल होता. तरी मुंबईकडे येणारी वाहतूक जुन्या पुलावरूनच चालू होती. नंतर तेथे अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल बांधून जून २०१७ मध्ये खुला करण्यात आला. इतक्या त्वरेने काम होऊ शकते, ही गोष्ट अभिमानाची खरी; पण ती त्वरा दुर्घटनेनंतर आली, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही.

केवळ गैरसोय नव्हे

कोंडीकडे आपण बहुधा सुट्टीचा विरस म्हणून पाहतो. वस्तुतः तिचे मोल वेगळ्याच ठिकाणी चुकवावे लागते. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्णाला अनेकदा गोव्यात बांबोळीला न्यावे लागते. चिपळूणच्या रुग्णाला कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला. त्यांच्यासाठी अडकलेला अर्धा तास हा जीवनमरणाचा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात वाशीच्या बाजाराकडे निघालेला हापूस वाटेत खोळंबला, तर बागायतदाराच्या वर्षाच्या मेहनतीचा भाव उतरतो. गणपतीत अवजड वाहनांना दरवर्षी बंदी घालावी लागते, तेव्हा तो भारही कोणाच्या तरी व्यवसायावर पडतोच.

पुढील वाट

यातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, निधी किलोमीटरच्या हिशेबाने वाटण्याऐवजी आधी सर्वांत अरुंद जागांवर खर्च व्हावा : जुने पूल, घाट, बाजारपेठा. वीस किलोमीटर सलग रुंदीकरणापेक्षा एक बाह्यवळण रस्ता अधिक वेळ वाचवू शकतो.

दुसरा असा की, बाह्यवळण बांधल्यावर त्याच्या कडेने पुन्हा दुकाने उभी राहिली तर दहा वर्षांत नवे माणगाव तयार होईल. येथे अभियंत्याइतकीच ग्रामपंचायतीची आणि आपली जबाबदारी आहे. जुन्या पेठेतील दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते, हेही विसरता येणार नाही. त्याच्यासाठी गावात येणारी सोयीची जोडवाट आणि वाहनतळ ही योजनेतच असली पाहिजेत.

तिसरा असा की, एकाच रस्त्यावर सारा भार टाकू नये. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक कोलाडहून गोव्यातील वेर्णापर्यंत रेल्वेवरून जाऊ लागले. २०२१ मध्ये रोहा-वीर हा भाग दुहेरी झाला. उरलेला मार्ग बहुतांश एकेरी आहे आणि तोही एक गळाच आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारींसह नेणारी बोट सुरू झाली. दाभोळ-धोपावे जंगलजेटीने खाडीचा कित्येक किलोमीटरचा वळसा आधीच वाचविला आहे. रेवस-रेड्डी सागरी मार्गाचे खाडीपूल आणि प्रस्तावित कोकण द्रुतगती मार्ग यांचा विचारही या सर्व साधनांची सांगड घालूनच व्हावा.

चौथा आणि अखेरचा निष्कर्ष देखभालीचा. नव्या रस्त्याचे उद्घाटन होते. मोरीतला गाळ काढण्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. परंतु कोकणात रस्ता पावसाळाभर चालू राहतो तो त्या गाळ काढलेल्या मोरीमुळे, तपासलेल्या पुलामुळे आणि वेळीच बांधलेल्या संरक्षक भिंतीमुळे. आपल्यापैकी काहीजण उद्या शासकीय सेवेत जातील, काही पत्रकार होतील, काही गावचे सरपंचही होतील. आपल्या तालुक्यातील पूल किती जुने आहेत आणि त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढा एक प्रश्न प्रत्येकाने दर पावसाळ्यापूर्वी विचारला, तरी भूगोलाचा हा अभ्यास वाया गेला असे म्हणता येणार नाही.